तिवराच्या पानावरचं मीठ

मी झाडांचा मास्तर. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि जन्माने रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण यांतली एक जरी कमी असती तर मला वडूजहून कुणी काही विचारलं नसतं, आणि मी आपण होऊन तर कधीच गेलो नसतो. दिवाळीच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, वाईला घाटावर जाऊन बसतात. वडूजला त्या मुलखातली माणसंसुद्धा काम असेल तरच जातात.

सांगली

आश्विनात मला एक कार्ड आलं. अक्षर मोडीच्या वळणाचं, पण स्वच्छ. ‘वडूजच्या पेठेत माझे काष्ठौषधींचे दुकान आहे. माझा मुलगा लढाईवर असतो. त्याने तिकडून एका झाडाची डहाळी पाठवली आहे. ती इकडे कुणाला ओळखता येत नाही. आपण झाडांचे मास्तर आणि खाडीकाठचे, असे ऐकले. टपालाने आपणाकडे धाडण्याची माझी छाती होत नाही. झाड कोणते, आणि ही कळी कोणत्या महिन्यात धरते, एवढे दोनच सांगावे. इमाम अत्तार.’ खाली पेन्सिलीने डहाळी काढली होती. पानं समोरासमोर, टोकाला गोल. शेजारी लिहिलं होतं, ‘पान खारट’.

मी चित्र पाहिलं आणि हसलो. लहानपणी ज्या झाडाच्या मुळांत मी खेकडे पकडले, ज्याच्या चिखलात माझ्या तीन चपला गेल्या, ते तिवराचं झाड मला वडूजहून कुणी विचारावं? कळी चैत्राच्या अखेरीला धरते, वैशाखात फूल येतं, पावसात फळ. उत्तर कार्डावर मावणारं होतं. मी लिहायलाही घेतलं.

पण आमच्या कॉलेजात खटाव तालुक्यातले एक गणिताचे मास्तर आहेत. त्यांना मी कार्ड दाखवलं, तर त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “अहो, हा महिना तुम्हाला उगाच विचारलेला नाही.”

त्यांनी सांगितलं ते असं. इमामभाईंना एकच मुलगा, दस्तगीर. बायको पूर्वीच वारलेली. मुलगा फौजेत गेला, जहाजाने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे गेला. वैशाख सरता सरता तो बेपत्ता झाल्याची तार जेठात आली. आणि मग गणपतीच्या दिवसांत, तारेनंतर दोन-अडीच महिन्यांनी, त्याच्या हातची ही पुडी आली. आत चिठ्ठी होती, पण तिच्यावर तारीख नव्हती. गावाचं नाव तपासणाऱ्यांनी काळ्या शाईने बुजवलेलं, टपालाचा शिक्का भिजून पुसलेला. डहाळी वैशाखानंतर तोडलेली असेल तर तार खोटी. आधीची असेल तर पुडी नुसती वाटेत रेंगाळली. सुनेचे भाऊ तिला कोरेगावला माहेरी न्यायला दोनदा येऊन गेले. या पुडीच्या जोरावर म्हातारा त्यांना थोपवून धरतो आहे.

हे ऐकल्यावर मला कार्डावर उत्तर लिहवेना. ‘चैत्र-वैशाख’ ही अक्षरं लिहून पोस्टाच्या पेटीत टाकायची आणि आपण चकल्या खात बसायचं, हे काही जमेना. मनात एक आशाही होती. चित्र चुकलं असेल. ज्याला तो कळी म्हणतो ते कोवळं फळ असेल.

माझ्याकडे आमच्या खाडीवरच्या तिवराचे तीन कागद होते. आमच्या धंद्यात डहाळी दाबून वाळवायची, जाड कागदावर टाचायची आणि कोपऱ्यात झाडाचं नाव, गाव, तारीख लिहायची अशी रीत आहे. एका कागदावर कळी, एकावर फूल, एकावर फळ. ते तिन्ही दोन फळ्यांमध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवले, पट्ट्याने आवळले आणि निघालो.

रहिमतपूर ते वडूज

आगगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रहिमतपूरला उतरलो. पुढची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती, कारण पेट्रोल सगळं लढाईला. मोटारीच्या पाठीमागे भट्टीचं एक पिंप बसवलेलं असतं. ड्रायव्हर ते सळईने ढोसतो, झाकण लावतो, आणि मग नशिबात असेल तर मोटार हलते. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. त्या वाटेवर चढ फार. मी मोटारीत बसलो त्याच्या दुप्पट चाललो, आणि भाडं मात्र बसल्याचं दिलं. मला कोळशाचा ठसका लागला तर ड्रायव्हर म्हणाला, “सायेब, धूर न्हाई म्हंजी मोटार बंद. धूर हाय त्येच बरं.”

औंधच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी मोटार थांबवली. त्या वर्षी सातारा जिल्ह्यात पोलीस ऊठसूट झडत्या घेत होते. एका हवालदाराने माझ्या फळ्या पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले. “ह्यात काय दाबलंय?” मी म्हटलं, “पाला.” त्याला ते अर्थातच पटलं नाही. पट्टा सोडून त्याने वर्तमानपत्रांची एकेक घडी रस्त्यावर उलगडली. चळवळीची पत्रकं सापडतील अशी त्याला खात्री होती. सापडला तो पाला. वैतागून त्याने शेवटचा कागद झटकला, त्यावरचं फळ तुटलं आणि धुळीत पडलं.

“सांगलीवरनं वडूजला पाला घिऊन निगालाय,” तो दुसऱ्या शिपायाला म्हणाला. “खटावात शेरडास्नी कमी पडला जनू.”

मोटारीतले सगळे हसले. मलाही एरवी हसू आलं असतं. पण मी गुडघ्यांवर बसून ते वाटाण्याएवढं चपटं फळ शोधत होतो आणि मला राग आला होता. ज्या कामासाठी ते फळ निघालं होतं, ते या माणसाला सांगूनही समजलं नसतं. फळ ड्रायव्हरला सापडलं. त्याने ते आपल्या टोपीने पुसून माझ्या हातावर ठेवलं.

पुढचा मुलूख उघडाबोडका. कोकणातल्या माणसाला तो आधी भिववतो. झाड म्हणजे बाभूळ, पाणी म्हणजे येरळेच्या वाळूतली एक ओल. दिवाळीतच रान वाळून कोळसा झालेलं. समुद्रापासून इतकं लांब, की समुद्राचं झाड इथे ओळखणार कोण?

वडूज

अत्ताराचं दुकान पेठेत मशिदीच्या वाटेवर. पुढे फळी, मागे भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी. आत गेलं की हिरडा, वेखंड, गुलाबकळी आणि जुन्या गोणपाटाचा एकत्र वास. इमामभाई साठीचे, सुकलेले, ताठ. डोळ्यांत सुरमा. मी येतोय हे कार्डाने कळवलं होतंच; मला पाहून ते फळीवरून खाली उतरले.

“आवं मास्तर, लय लांबनं आलासा. आदी पानी घ्या.”

पुडीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पाणी झालं, गुळाचा चहा झाला. मग ते जरा घुटमळून म्हणाले, “जेवान आमच्या घरचं चालतंय न्हवं? न्हाईतर म्होरच्या पाटलाकडनं ताट आनतो.”

मी म्हटलं, चालतं. आमच्या गावी माझ्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर तिने मला विहिरीवर उभं केलं असतं. पण ती पलीकडे घाटाखाली आणि मी भुकेला होतो.

दुकानामागेच घर. त्यांची सून हमीदा हिने वाढलं. विशीची असेल. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा, सवाशिणीचा. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. भाकरीवर मीठ ठेवताना ती म्हणाली, “हितलं मीठ कोरडं असतंय. तुमच्याकडं कसं?”

कोकणातल्या माणसाला पावसाबद्दल बोलायला कुणी एवढीशी जागा दिली की पुरे. मी सुरू झालो. आमच्याकडे चार महिने मिठाचा रांजण चुलीपाशी ठेवावा लागतो, तरी त्याला पाणी सुटतं. कपडा म्हणून वाळत नाही. छपरं, दगड, झाडाचं पान न् पान रात्रंदिवस धुऊन निघतं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला तर याहूनही जास्त पाऊस, असं आम्ही पुस्तकात वाचतो. इमामभाई ऐकत होते. खटावात राहणारा माणूस पावसाच्या गोष्टी जसा ऐकतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता, असं मला वाटलं.

जेवणानंतर दुकानात येऊन त्यांनी पुडी काढली. ती खणात नव्हती, तराजूशेजारी एका स्वच्छ फडक्यात होती. “नाव कळल्याबिगर वस्तू खनात टाकायची न्हाई, ही आमची रीत,” ते म्हणाले.

आत मेणकागदाच्या दोन पुड्या. एकीत डहाळी, दुसरीत करडी माती. अत्ताराच्या घरात अशी शिस्त असते हे मला तिथे कळलं. अनोळखी झाड पाठवायचं तर पाल्यासोबत त्याच्या बुडाची चिमूटभर माती पाठवायची, म्हणजे ते कसल्या जमिनीत वाढतं ते कळतं. पोराने लढाईच्या धामधुमीतही बापाची शिस्त पाळली होती. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: ‘अब्बा, चिखलातलं झाड. पान खारट. इथली माणसं याचं फळ गळवावर बांधतात म्हणे. गुण सांगा.’

मी डहाळी उचलली. तिवरच. पानांची वरची बाजू काळपट पडलेली, खालची पिवळसर राखाडी. आणि शेंड्याला कळ्या. कोवळं फळ नव्हे. कळ्यांचा घट्ट गुच्छ, त्यांतली दोन नुकती उमलू लागलेली. चित्र अगदी बिनचूक होतं.

उत्तर मला त्याच क्षणी कळलं. मी ते तोंडावर येऊ दिलं नाही. आधी नावाचं बोलू या, असा विचार करून मी माझा कळीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. कोपऱ्यातल्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय लिवलंय?”

“झाडाचं शास्त्रातलं नाव. अविसेनिया ऑफिसिनॅलिस.”

“अर्थ?”

वर्गात हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की युरोपातल्या ज्या पंडिताने या झाडाला नाव दिलं, त्याने ते हजारेक वर्षांपूर्वीच्या एका थोर हकीमाच्या आठवणीसाठी दिलं. तिकडचे लोक त्या हकीमाला अविसेना म्हणतात.

“इकडं?”

“इब्न सीना.”

म्हातारा फळीवर सरळ झाला. “बूअली सीना? आमचे बूअली सीना?”

“तेच. आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ, औषधांच्या कोठारातलं.”

“म्हंजी अत्ताराच्या दुकानातलं.”

“तसंच म्हणायचं.”

ते हसले. मी तिथे होतो तेवढ्या वेळात एकदाच. दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “हमीदा, आयकलंस का? दस्तगीरनं बूअलीचं झाड धाडलंय गं. पयलं नाव हकीमाचं, दुसरं आपल्या दुकानाचं.” ती दाराआड उभीच होती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता कळीचं सांगा. कवा धरती?”

मी खोटं बोललो. या प्रवासात माझ्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, म्हणून ती झाकून ठेवत नाही. मी म्हटलं, “तसा नेम नाही. झाडावर असतं. काही झाडं वैशाखात कळी धरतात, काही पुढे श्रावणातही.” बोलताना मी कागदावरची तारीख हाताखाली झाकली.

“म्हंजी ही श्रावणातली आसंल?”

“असू शकेल.”

त्यांनी डहाळी जवळ ओढली. मग एक पान अलगद उचलून उजेडाकडे तिरपं धरलं. पानावर साखरेच्या कणांसारखं काहीतरी चमकत होतं. त्यांनी करंगळीचं टोक लावलं, जिभेवर ठेवलं, आणि पान माझ्यापुढे केलं. “हे कसलं, मास्तर?”

“मीठ. हे झाड खाऱ्या पाण्यावर जगतं. नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं.”

“पानाच्या वरल्या अंगाला साचतंय.”

“हो.”

“आन् तिकडं पाऊस तुमच्या कोकनापरीस जास्ती. पान न् पान धुऊन निगतंय. आत्ताच जेवताना सांगितलंसा.”

मला पुढचं कळलं, पण उशिरा.

“मग श्रावनात तोडलेल्या पानावर मीठ ऱ्हाईल व्हय?”

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर लोकांना जीभ दाखवायला लावणाऱ्या आणि स्वतः प्रत्येक मुळी चाखून घेणाऱ्या माणसापुढे मी कॉलेजचा मास्तर लबाडी करायला बसलो होतो.

“बूअलीच्या नावाचं झाड म्होरं हाय,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “त्येच्या म्होरं खोटं बोलू नगासा. नाडी धरली की हाय त्ये सांगायचं.”

मी कागदावरचा हात काढला. फुलाचा कागद त्याच्याशेजारी ठेवला, आणि तुटलेलं फळ तिसऱ्या कागदावर ठेवून तोही. तारखा मराठीत वाचून दाखवल्या. पोराची डहाळी त्यांनी आपल्या हाताने आधी फळाच्या कागदाला लावून पाहिली, मग फुलाच्या, मग कळीच्या. कळीच्या कागदावरून ती त्यांनी उचलली नाही.

“चैताची अखेर,” ते म्हणाले.

“फार तर वैशाखाचा आरंभ.”

“म्हंजी तारेच्या आदीची.”

“हो.” मग मला राहवेना. “इमामभाई, यावरून तो गेला असं ठरत नाही. फक्त पुडी आधीची, एवढंच ठरतं.”

“त्ये मला कळतंय. पर मी पोरीला पुडीच्या जोरावर धरून ठिवली हुती. जोर न्हवताच त्यात.” त्यांनी डहाळी पुन्हा मेणकागदात गुंडाळली. “चाखलं त्या दिवशीच मीठ कळलं हुतं मला. पाऊस म्हाईत न्हवता. खटावातल्या मानसाला पाऊस कुठला म्हाईत असनार?”

मला तेव्हा माझीच शिसारी आली. माझ्या पावसाच्या बढायांनी त्यांची आशा बुडाली होती, आणि माझ्या खोट्याने त्यांना ती स्वतःच्या हाताने बुडवायला लावली होती. मी तसं त्यांना म्हणालोही. ते म्हणाले, “चा घ्या अजून.”

सुनेला हाक मारून त्यांनी एवढंच सांगितलं, “बेटी, कोरेगावला भावास्नी चिठ्ठी धाडतो. येऊन घिऊन जाऊ देत.” आतून बांगड्या वाजल्या. मग तिचा आवाज आला, शांत, “बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी

मोटार आठाला सुटणार होती. सात वाजता इमामभाई फळी न उघडताच बाहेर पडले आणि मला म्हणाले, “मास्तर, जरा येतासा का?”

कब्रस्तान गावाबाहेर, येरळेच्या काठाला. चिंचेखाली त्यांच्या बायकोची कबर, साध्या दगडांची. शेजारी त्यांनी वीतभर जागा हाताने झाडून साफ केली. आमच्याकडे माणूस गेला की अग्नी. यांच्यात कबरीला माती द्यायची. आलेल्या प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची, नातलग असो नसो. हे मला ऐकून माहीत होतं.

“तुमी म्हनालासा ठरत न्हाई म्हनून. त्ये खरं,” ते म्हणाले. “पर मी म्हातारा मानूस. उद्या ठरलं तर माती द्याया मी असन का नसन. आन् त्याच्या पायाखालची माती माज्याकडं आलीया. दुसऱ्या कुनाकडं आली न्हाई.”

खिशातून त्यांनी मातीची मेणकागदाची पुडी काढली आणि तळहातावर तोलली. हात थांबला. त्यांनी पुन्हा तोलली. चाळीस वर्षं तराजू धरलेला हात होता तो.

“काय झालं?” मी विचारलं.

“आली तवा तोळाभर भरली हुती. मीच तोलली.” त्यांनी पुडी उघडली. करडी माती, खाडीचा वास अजून असलेली, पण कमी. पाव हिस्सा कुणीतरी काढून घेतला होता, आणि उरलेल्या मातीवर बोटांच्या तीन चिमटींचे खळगे स्पष्ट दिसत होते. वाळून टणक झालेले, जुने. कालचे नव्हते.

पुडी दोन महिने दुकानात तराजूशेजारी होती. फडकं रोज झटकणारी एकच होती. भाकरीवर मीठ ठेवताना तिने विचारलेला प्रश्न मला आठवला. पानावरचं मीठ तिनेही चाखलं असणार.

“तिनं आपली माती देऊन टाकली,” इमामभाई म्हणाले. “कवा, कुनास ठावं. आन् माज्यासाठी हिरव्या बांगड्या घालून बसली.”

मग त्यांनी तीन चिमटी टाकल्या, आणि पुडी माझ्यापुढे केली. मी माझ्या घरच्या खाडीच्या मातीसारख्याच त्या मातीत बोटं घातली आणि तीन चिमटी टाकल्या.